उघडी विंडो गेली कुठे? टास्कबारवरून तिला शोधून काढायची रीत

"मघाशी उघडली होती, आता दिसतच नाही." ही तक्रार मी आठवड्यातून दोन-तीनदा तरी ऐकतो. कामाच्या ठिकाणी कॉम्प्युटरची बारीकसारीक दुखणी माझ्याकडे येतात, आणि त्यांत पुन्हा पुन्हा येणारं दुखणं हेच. विंडो दिसेनाशी होते. माणूस दोन-चार ठिकाणी क्लिक करून बघतो, कंटाळतो आणि तीच फाइल नव्याने उघडून कामाला लागतो. खरं नुकसान तिथून सुरू होतं.

माझ्या एक सहकारी ईमेलला जोडून आलेल्या एक्सेलच्या तक्त्यात सकाळपासून नोंदी भरत होत्या. मध्येच दुसरं काम आलं, चार वेगळ्या फाइली उघडाव्या लागल्या, आणि परत वळून बघतात तो तक्ता कुठे दिसेना. त्यांनी ईमेलमधल्या त्या फाइलवर पुन्हा क्लिक केलं. आता, ईमेलमधून फाइल थेट उघडली की तिची तात्पुरती प्रत उघडते. पुन्हा उघडली की पुन्हा नवी प्रत. त्यामुळे समोर आला तो कोरा तक्ता. सकाळचं सगळं पुसलं गेलं असं समजून त्या पहिल्या ओळीपासून परत भरायला बसल्या. मला हाक मारली तेव्हा साठेक ओळी दुसऱ्यांदा भरून झाल्या होत्या. मी टास्कबारवरच्या, म्हणजे विंडोजमध्ये पडद्याच्या तळाशी असते त्या पट्टीवरच्या, एक्सेलच्या आयकॉनवर कर्सर नेऊन नुसता थांबवला. सहा छोटी चित्रं वर आली. त्यातलं पाचवं चित्र सकाळच्या तक्त्याचं होतं, जसंच्या तसं.

तेव्हा विंडो दिसली नाही तर फाइल पुन्हा उघडण्याआधी टास्कबार बघा. चालू असलेल्या प्रोग्रामच्या आयकॉनखाली बारीक रेघ असते. रेघ असेल तर प्रोग्राम चालू आहे आणि तुमची विंडो बहुधा जिवंत आहे. आयकॉनवर कर्सर नेऊन क्षणभर थांबा. छोटी चित्रं वर येतील. हवी ती विंडो चित्रात दिसते आणि क्लिक केल्यावर समोर येते, तर प्रश्न मिटला. चित्रात दिसते पण क्लिक करूनही पडद्यावर काहीच येत नाही, तर ती पडद्याच्या हद्दीबाहेर गेली आहे. आणि आयकॉनखाली रेघच नसेल, तर ती दुसऱ्या डेस्कटॉपवर आहे, घड्याळाजवळच्या छोट्या आयकॉनांमध्ये जाऊन बसली आहे, किंवा खरोखर बंद झाली आहे. पुढचं सगळं या तपासणीवरून ठरतं.

एका आयकॉनमागे दहा विंडो

बहुतेकांची विंडो इथेच सापडते. एकाच प्रोग्रामच्या सगळ्या विंडो एका आयकॉनखाली गोळा करायची पद्धत विंडोज एक्सपीपासून, म्हणजे २००१ पासून आहे. पण तेव्हा जागा कमी पडली तरच त्या गोळा व्हायच्या. २००९ मध्ये विंडोज ७ आलं आणि नेहमीच गोळा करणं हा ठरलेला पर्याय झाला. प्रत्येक विंडोचं नाव टास्कबारवर दिसायचं ते तेव्हापासून दिसेनासं झालं. ते सेटिंगमधून परत आणता तरी येत होतं. २०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ ने तो पर्यायच काढून टाकला आणि लोकांनी बराच आग्रह धरल्यावर २०२३ मध्ये परत दिला. त्या मधल्या काळात ज्यांनी शोधून नाद सोडला, त्यांतल्या पुष्कळांना तो परत आल्याचं अजून माहीत नाही. म्हणून इथे सविस्तर लिहितो.

टास्कबारच्या रिकाम्या जागेवर राइट क्लिक करा, 'टास्कबार सेटिंग्ज' निवडा, खाली 'टास्कबार बिहेवियर्स' उघडा. तिथे 'कम्बाइन टास्कबार बटन्स अँड हाइड लेबल्स' अशी ओळ आहे. तिच्यासमोर तीन पर्याय आहेत: 'ऑल्वेज', 'व्हेन टास्कबार इज फुल' आणि 'नेव्हर'. एकाच प्रोग्रामच्या तीन-चारपेक्षा जास्त फाइली रोज उघडत असाल तर माझा सल्ला 'नेव्हर'चा. मधला पर्याय वरवर सोयीचा वाटतो, पण टास्कबार भरला की बटणं अचानक एकत्र होतात आणि हाताला सवय झालेली जागा बदलते. नेमका कामाचा ताण असतो तेव्हाच टास्कबार भरतो, आणि तेव्हाच ही उलथापालथ नको असते. 'नेव्हर' ठेवलं की बटणं आकसतात, पण प्रत्येक फाइलचं नाव थोडं तरी वाचता येतं. त्यासाठी फाइलचं नाव वेगळेपण दाखवणाऱ्या शब्दाने सुरू करा. 'अहवाल मार्च' आणि 'अहवाल एप्रिल' अशी नावं असतील तर आकसलेल्या बटणावर दोन्हीकडे 'अहवाल' एवढंच उरतं. 'मार्च अहवाल' लिहा, लगेच ओळखू येतं.

ज्यांना नुसते आयकॉनच आवडतात त्यांनी कंट्रोल कळ दाबून आयकॉनवर क्लिक करायची सवय लावावी. साध्या क्लिकने चित्रांची रांग येते. कंट्रोल धरून क्लिक केलं की त्या गटातली शेवटची वापरलेली विंडो थेट समोर येते, आणि पुन्हा क्लिक केलं की पुढची. हात कीबोर्डवर असतील तर विंडोजची कळ धरून १, २, ३ दाबा: टास्कबारवरचा पहिला, दुसरा, तिसरा प्रोग्राम. विंडोजची कळ न सोडता तोच आकडा पुन्हा पुन्हा दाबला की त्याच्या एकेक विंडो फिरत जातात. मी रोज लागणारे चार प्रोग्राम टास्कबारवर पिन करून, म्हणजे कायमचे बसवून, पहिल्या चार जागांवर ठेवले आहेत. आता त्यांच्यासाठी माऊसला हात लावावाच लागत नाही.

एक सावधगिरी. चित्रांच्या रांगेत माऊसच्या मधल्या चाकाने क्लिक केलं तर ती विंडो बंद होते. आयकॉनवर मधल्या चाकाने क्लिक केलं, किंवा शिफ्ट धरून क्लिक केलं, तर त्याच प्रोग्रामची आणखी एक विंडो उघडते. चाक चुकून दाबलं जाणारे पुष्कळ जण आहेत, आणि नकळत उघडलेल्या रिकाम्या विंडो बघून त्यांना आपली फाइल कोरी झाली असं वाटतं.

"सगळंच एकदम गेलं"

एक विंडो नाही, सगळ्याच दिसेनाशा झाल्या तर आधी बघा की टास्कबारवरच्या आयकॉनांखाली रेघा आहेत का.

रेघा आहेत, म्हणजे सगळं मिनिमाइझ झालंय, बंद न होता खाली टास्कबारवर गेलंय. टास्कबारच्या अगदी उजव्या टोकाला, घड्याळाच्याही पलीकडे, एक अरुंद पट्टी आहे. तिच्यावर क्लिक केलं की डेस्कटॉप दिसतो. पुन्हा क्लिक केलं की सगळं परत येतं. विंडोजची कळ आणि डी यांनीही हेच होतं. मात्र मध्ये एखादी विंडो उघडलीत तर ही जोडी तुटते. मग विंडोज आणि डी दाबल्यावर जुन्या विंडो परत येत नाहीत, त्या एकेक करून टास्कबारवरूनच वर आणाव्या लागतात. ती पट्टी वारंवार चुकून दाबली जात असेल तर 'टास्कबार बिहेवियर्स'मध्येच तिचा टिक काढून टाका.

रेघा नाहीत, नुसते पिन केलेले आयकॉन आहेत, तर तुम्ही दुसऱ्या डेस्कटॉपवर आला आहात. विंडोज १० पासून, म्हणजे २०१५ पासून, एकाच पडद्यावर अनेक डेस्कटॉप ठेवता येतात. विंडोज, कंट्रोल आणि डी एकत्र दाबलं की नवा कोरा डेस्कटॉप तयार होतो. नुसतं विंडोज आणि डी दाबायला गेलेल्या बोटाखाली कंट्रोलही आलं की झालं. लॅपटॉपच्या टचपॅडवर चार बोटं आडवी फिरवली तरी डेस्कटॉप बदलतो, आणि तळहात टेकवून टाइप करणाऱ्यांकडून हे सहज होतं. विंडोजची कळ आणि टॅब दाबा. खाली सगळे डेस्कटॉप रांगेने दिसतील, त्यातला पहिला निवडा. नको असलेला डेस्कटॉप तिथेच बंद करा. त्याच्यावरच्या विंडो बंद होत नाहीत, शेजारच्या डेस्कटॉपवर जातात, तेव्हा काळजी नको.

अनेक डेस्कटॉप मुद्दाम वापरत असाल आणि तरी विंडो हरवत असेल, तर 'सेटिंग्ज', 'सिस्टिम', 'मल्टिटास्किंग', 'डेस्कटॉप्स' या वाटेने जा. टास्कबारवर सगळ्या डेस्कटॉपच्या विंडो दाखवायच्या की फक्त समोरच्या, हे तिथे ठरतं. मुळात फक्त समोरच्या दिसतात. तिथे 'ऑन ऑल डेस्कटॉप्स' निवडलं की दुसऱ्या डेस्कटॉपवरची विंडोही टास्कबारवर दिसते आणि क्लिक केल्यावर तुम्हाला तिच्यापाशी घेऊन जाते. खालीच आल्ट आणि टॅब या विंडो बदलायच्या कळांसाठी असाच वेगळा पर्याय आहे, तोही बदलून घ्या.

चित्रात दिसते, पडद्यावर नाही

हे दुखणं सगळ्यात चिवट. प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडला तरी विंडो अदृश्यच राहते, आणि लोक प्रोग्राम काढून नव्याने टाकण्यापर्यंत जातात. तसं करायची गरज नसते.

आधी हे का होतं ते सांगतो, म्हणजे उपाय लक्षात राहील. मुख्य पडद्याचा वरचा डावा कोपरा हा विंडोजच्या हिशेबात शून्य-शून्य. तिथून उजवीकडे आणि खाली आकडे वाढत जातात. दुसरा मॉनिटर डावीकडे जोडला असेल तर त्यावरच्या जागांचे आडवे आकडे उणे असतात. पुष्कळसे प्रोग्राम बंद होताना आपली जागा लिहून ठेवतात. मॉनिटर काढून टाकला तरी प्रोग्राम त्याच जुन्या जागी उघडतो; ती जागा दाखवणारा पडदाच आता नाही. आणखी एक प्रकार मी पाहिला आहे, त्यात दुसरा मॉनिटर कधी नव्हताच. विंडो मिनिमाइझ केली की विंडोज तिला उणे ३२००० या जागी नेऊन ठेवतं. निष्काळजीपणे लिहिलेला एखादा प्रोग्राम मिनिमाइझ असतानाच बंद केला तर तो हीच जागा आपली म्हणून लिहून ठेवतो आणि पुढच्या वेळी तिथेच उघडतो. दोष प्रोग्रामचा, शोधाशोध आपली.

उपाय असा. शिफ्ट कळ दाबून धरा आणि टास्कबारवरच्या त्या आयकॉनवर राइट क्लिक करा. शिफ्ट नसेल तर नेहमीची यादी येते, ती इथे कामाची नाही. शिफ्ट धरल्यावर जुन्या पद्धतीची यादी येते: 'रिस्टोअर', 'मूव्ह', 'साइझ', 'मिनिमाइझ', 'मॅक्सिमाइझ', 'क्लोज'. त्यात 'मूव्ह' निवडा. आता माऊसला हात लावू नका. कीबोर्डवरची कोणतीही बाणाची कळ एकदा दाबा. एकदाच. त्यानंतर माऊस हलवा, विंडो कर्सरला चिकटून पडद्यावर येईल. जागा मिळाली की क्लिक करून सोडा.

'मूव्ह' फिकट दिसत असेल तर विंडो मॅक्सिमाइझ किंवा मिनिमाइझ अवस्थेत आहे. आधी 'रिस्टोअर' निवडा, मग पुन्हा शिफ्ट आणि राइट क्लिक. एकाच प्रोग्रामच्या अनेक विंडो गटात असतील तर आयकॉनवर ही यादी वेगळी येते, सगळ्या विंडो एकदम मिनिमाइझ किंवा बंद करण्याची. तिथे चुकून 'क्लोज ऑल' दाबू नका. चित्रांच्या रांगेतून हवी ती विंडो निवडा, आणि ती दिसत नसली तरी आल्ट आणि स्पेस दाबा. तीच यादी पडद्याच्या कडेला कुठेतरी डोकावेल. नाही दिसली तरी इंग्रजी एम दाबा, म्हणजे 'मूव्ह' लागू होतं, मग बाणाची कळ आणि माऊस.

दोन मॉनिटर जोडलेले असतानाच विंडो भलत्याच मॉनिटरवर गेली असेल तर एवढं करायची गरज नाही. टास्कबारवरून ती विंडो निवडा आणि विंडोज, शिफ्ट आणि डावा किंवा उजवा बाण दाबा. ती एका मॉनिटरवरून दुसऱ्यावर उडी मारते. आणि दुसरा मॉनिटर केबलने जोडलेला पण बंद असेल, तर कॉम्प्युटरला तो चालूच वाटू शकतो आणि तो खुशाल विंडो तिकडे पाठवतो. अशा वेळी विंडोज आणि पी दाबून 'पीसी स्क्रीन ओन्ली' निवडा, सगळं समोरच्या पडद्यावर येतं.

विंडोज ११ मध्ये यावर कायमचा बंदोबस्तही आहे. 'सेटिंग्ज', 'सिस्टिम', 'डिस्प्ले', 'मल्टिपल डिस्प्लेज' इथे दोन टिक आहेत. एक, मॉनिटरची जोडणी बघून विंडोच्या जागा लक्षात ठेवा. दुसरी, मॉनिटर काढला की त्याच्यावरच्या विंडो मिनिमाइझ करा. जे लॅपटॉप रोज मॉनिटरला लावतात-काढतात त्यांनी दोन्ही चालू ठेवाव्यात.

प्रोग्राम अडकलाय असं वाटतं, पण अडकलेला नसतो

विंडो समोर आहे, पण कुठेही क्लिक केलं तर नुसता 'टण्' आवाज येतो. बहुतेक वेळा प्रोग्रामने एक छोटी चौकट उघडून प्रश्न विचारलेला असतो, 'सेव्ह करू का' वगैरे, आणि ती चौकट दुसऱ्या विंडोच्या मागे दडलेली असते. उत्तर मिळेपर्यंत प्रोग्राम पुढे सरकत नाही. इथे टास्क मॅनेजर उघडून 'एंड टास्क'ने प्रोग्राम जबरदस्तीने बंद करणं म्हणजे सेव्ह न केलेलं काम हातचं घालवणं. आधी आयकॉनवर कर्सर नेऊन चित्रं बघा. चौकट वेगळं चित्र म्हणून दिसली तर तिच्यावर क्लिक करा. नाहीच दिसली तर विंडोज आणि डी दाबून सगळं खाली घ्या आणि फक्त तोच प्रोग्राम टास्कबारवरून वर आणा. चौकट सहसा त्याच्यासोबत वर येते.

रेघ नाही, तरी प्रोग्राम चालू आहे

गप्पांचे, बॅकअपचे, गाणी वाजवणारे काही प्रोग्राम फुलीवर क्लिक केल्यावर बंद न होता घड्याळाजवळ छोटा आयकॉन होऊन बसतात. तिथल्या वर टोक असलेल्या बाणावर क्लिक करा, लपलेले आयकॉन दिसतील. रोजचा आयकॉन तिथून ओढून बाहेर आणून ठेवलात की पुन्हा शोधावा लागत नाही.

टास्कबारच रुसला तर

टास्कबार आपोआप लपायला हवा पण लपत नाही, तर एखादा आयकॉन लक्ष वेधून घेत असतो. लपलेल्या आयकॉनांमध्येही बघा. त्याच्यावर एकदा क्लिक केलं की टास्कबार खाली जातो. टास्कबारवर क्लिकच होत नसेल, चित्रं येत नसतील, तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा, यादीत 'विंडोज एक्सप्लोरर' शोधा, राइट क्लिक करून 'रिस्टार्ट' निवडा. क्षणभर टास्कबार नाहीसा होतो आणि नव्याने येतो. उघडे प्रोग्राम आणि फाइली यांना धक्का लागत नाही. फोल्डरच्या विंडो मात्र बंद होतात, आणि फाइली कॉपी होत असतील तर ते काम अर्धवट तुटतं. मोठी कॉपी चालू असेल तर ती संपेपर्यंत थांबा, हे मी प्रत्येकाला आधी सांगतो.

एकाच प्रोग्रामचे दोन आयकॉन दिसतात, एक पिन केलेला आणि एक चालू, ही तक्रारही नेहमीची. टास्कबार प्रत्येक विंडोला एका अंतर्गत ओळखीने गटात टाकतो. पिन केलेल्या शॉर्टकटची ओळख आणि चालू विंडोची ओळख जुळली नाही की दोन वेगळे आयकॉन दिसतात. प्रोग्राम अपडेट झाल्यावर हे जास्त आढळतं. पिन केलेला आयकॉन काढा, प्रोग्राम चालू करा आणि त्या चालू आयकॉनवरच राइट क्लिक करून तो पिन करा.

लिनक्सवर केडीई प्लाझ्मा हा डेस्कटॉप वापरणाऱ्यांना 'टास्क मॅनेजर'च्या, म्हणजे तिथल्या टास्कबारच्या, सेटिंगमध्ये गट न करण्याचा पर्याय मिळेल, आणि फक्त चालू डेस्कटॉपच्या विंडो दाखवायच्या की सगळ्या, तेही तिथेच ठरतं. मॅकवर कंट्रोल आणि खालचा बाण दाबला की समोरच्या प्रोग्रामच्या सगळ्या विंडो पसरून दिसतात.

आणि विंडो खरंच बंद झाली असेल तर? तरी ईमेलकडे वळू नका. टास्कबारवरच्या आयकॉनवर राइट क्लिक करा. त्या प्रोग्रामने अलीकडे उघडलेल्या फाइलींची यादी येते. प्रत्येक नावाच्या उजवीकडे पिनचं चिन्ह असतं, त्यावर क्लिक केलं की ती फाइल यादीत कायम राहते. माझ्या सहकाऱ्यांच्या त्या तक्त्याचं आम्ही हेच केलं: आधी सकाळची प्रत त्यांच्या कामाच्या फोल्डरमध्ये नीट नावाने सेव्ह केली, दुसऱ्यांदा भरलेल्या ओळी तिच्याशी पडताळून ती दुसरी प्रत बंद केली, आणि मग एक्सेलच्या आयकॉनवर राइट क्लिक करून फाइल पिन केली. तो तक्ता त्या आता तिथूनच उघडतात.